गिरणी चालू आहे

“गिरणी थांबली!”

दाराबाहेर अण्णांचा आवाज घुमला आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

अण्णा म्हणजे माझे सासरे. एसटीत कंट्रोलर होते. सगळी नोकरी कराडच्या स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेली, त्यामुळे निवृत्त झाल्यावरसुद्धा ते घरात बोलत नसत, पुकारत असत. आणि गिरणी म्हणजे माझा कीबोर्ड.

पुढच्याच क्षणी दार लोटलं गेलं. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात अर्धी निवडलेली मेथीची जुडी घेऊन आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आत आल्या.

“झालं का गं शालू?”

“नाही हो आई. चाललंय अजून.”

“आवाज थांबला म्हणून म्हटलं, झालं असंल.” त्यांनी कप टेबलावर ठेवला. “बरं, आता थांबलीच आहेस तर ऐक. गॅसवाला येऊन गेला. तुझं पार्सल आलंय, ते फ्रिजवर ठेवलंय. आणि वांगी भरायची का रस्सा करायचा?”

“काहीही करा.”

“काहीही म्हणजे?”

तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. हॉलमध्ये अण्णांनी टीव्ही लावला, तोही स्टँडवरच्या आवाजात. माझ्या पडद्यावर एक परदेशी पोलिसीण तोंड उघडं ठेवून थांबली होती. तिच्या तोंडात घालायचा जो शब्द मला आत्ता, या क्षणी सापडणार होता, तो कुकरच्या वाफेबरोबर निघून गेला.

“भरलेली करा,” मी म्हणाले.

मी परदेशी मालिकांचे संवाद मराठीत आणायचं काम करायची. अजूनही करते. ऐकायला सोपं वाटतं, पण पडद्यावरच्या बाईचं तोंड जिथे मिटतं तिथे माझं वाक्यही मिटायला लागतं. तिने लांब दम दिला तर माझाही दम लांब हवा, ती एका शब्दात उडवून लावत असेल तर मलाही एकाच शब्दात भागवावं लागतं. एकदा शब्द सापडला की टाइप करायला कितीसा वेळ? खरं काम असतं ते सापडेपर्यंतचं. हात मांडीवर, डोळे छताला, ओठ पुटपुटत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, ही रिकामी बसली आहे.

कीबोर्ड मात्र माझा ऐटदार होता. ठाण्याहून लग्न होऊन कराडला आले तेव्हा सामानात साड्यांपेक्षा त्याचीच काळजी जास्त घेतली होती. मेकॅनिकल कीबोर्ड, प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग. बटण दाबलं की टक्क, सोडलं की पुन्हा बारीक टक्. आधी साध्या कीबोर्डवर दिवसभर बडवून माझी मनगटं दुखायची. हा आल्यापासून बोटांना नुसतं इकडून तिकडे जायचं तेवढंच काम उरलं. ऑफिसचा मजकूर असो, माहेरी आईला पाठवायचा निरोप असो, नाहीतर वाण्याची यादी, सगळं मला त्याच्यावरच टाइप करायचं असायचं. पहिल्यांदा पेटीतून काढला तेव्हा अण्णांनी तो दोन्ही हातांत तोलून पाहिला. “हा कीबोर्ड नव्हे, पाटा आहे,” ते म्हणाले. मी वेगात टाइप करायला लागले तसं त्यांनी त्याचं बारसं केलं. गिरणी.

मागच्या बाजूची खोली मला कामासाठी दिली होती. खिडकीतून परसातला लिंब दिसायचा. कोपऱ्यात आईंचं शिलाईचं मशीन होतं, पायाचं, चादरीखाली झाकलेलं. पूर्वी त्या कॉलनीतल्या बायकांची पोलकी शिवत असत. मी आल्यावर त्यांनीच ते भिंतीशी सरकवून माझ्या टेबलाला जागा केली. मी त्यावर प्रिंटर ठेवला होता.

सगळं छान होतं, एक गोष्ट सोडून. माझ्यावर पाळत होती.

मी आत जाऊन टाइप करायला लागले की आई दाराबाहेर एक बुटकं स्टूल घेऊन बसत. मेथी निवडत, तांदूळ निवडत, काही नसलं तर नुसत्याच. आणि मी हात उचलला रे उचलला की आत. चहा, प्रश्न, निरोप, शिट्टी, मिक्सर, टीव्ही. जणू मी थांबायचीच सगळं घर वाट पाहत होतं. माझ्या मनाने याचा एकच अर्थ लावला होता: सून किती वेळ काम करते आणि किती वेळ रिकामी बसते, याचा हिशोब चालला आहे. रिकामी दिसली की लावा कामाला.

“तुझ्या आई बाहेर बसून माझी हजेरी घेतात,” मी विश्वजीतला म्हणाले. विश्वजीत माझा नवरा, तिथल्याच एमआयडीसीतल्या कारखान्यात इंजिनिअर.

“आई? तिला घड्याळ बघायला तरी वेळ असतो का?”

“घड्याळाची गरज नाही. माझा कीबोर्डच सांगतो त्यांना.”

तो हसला, आणि मला अजूनच राग आला. मी जरा रागीटच आहे. माझ्या माहेरी सगळेच आहेत, तिथे ते कुणाच्या लक्षात येत नाही.

त्याच सुमाराला कंपनीने विश्वजीतला पुण्याजवळ चाकणला जाशील का म्हणून विचारलं. पुण्यात फ्लॅट, आमचं दोघांचं वेगळं घर. त्याला जायची फारशी हौस नव्हती, ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं. मोठा भाऊ परदेशात, आईअण्णा इथे दोघंच राहिले असते. पण तो भला माणूस. म्हणाला, “तू म्हणशील तसं. शुक्रवारी संध्याकाळी साहेबांना सांगायचंय. हो तर हो, नाही तर नाही. एकदा हो म्हटलं की मागे फिरता येणार नाही एवढं लक्षात ठेव.”

मी म्हटलं, विचार करते. विचार करायला मला शांतता हवी होती, आणि शांतता म्हणजे हात थांबायला हवेत, आणि हात थांबले की आई आत.

शेवटी गुरुवारी विश्वजीतने ऑफिसच्या कपाटातून एक जुना चपटा कीबोर्ड आणून दिला. रबराचा. बटण दाबलं तरी कळायचं नाही की दाबलं. गादीवर बोटं आपटल्यासारखं वाटायचं.

“घे. आता कुणाला काही ऐकू जायचं नाही,” तो म्हणाला. जेवताना आईंनाही त्याने सांगितलं, “उद्यापासून गिरणी बंद हं. नवीन कीबोर्ड आणलाय, बिनआवाजाचा.”

आईंचा घास हातातच राहिला. “का? बरा होता की तो.”

“हिला त्रास होतो,” विश्वजीत म्हणाला.

कशाचा ते त्याने सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. आईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आमटी वाढली. मग म्हणाल्या, “उद्या चैत्रातलं हळदीकुंकू आहे बरं का. बायका पाचला येतील. तू तुझं काम कर, झालं की साडी नेसून बाहेर ये. घाई करू नकोस.”

शुक्रवारी सकाळी मी दार लावून घेतलं आणि रबराच्या कीबोर्डवर बोटं ठेवली. संध्याकाळच्या आत एक अख्खा भाग पाठवायचा होता.

सुरुवातीला स्वर्गच वाटला. मी थांबले, कुणी आलं नाही. खुर्चीत मागे रेलले, पाय वर घेतले, पोलिसिणीचा दम चार वेळा पुटपुटून पाहिला, कुणी आलं नाही. दम सापडला आणि तिच्या तोंडात असा बसला की मी स्वतःशीच टाळी वाजवली. तरीही कुणी आलं नाही.

मग हळूहळू जाणवायला लागलं की चहासुद्धा आला नाही.

कुकर वाजला नाही. मिक्सर लागला नाही. टीव्ही नाही, अण्णांची पुकार नाही, भाजीवालीची हाक नाही. मी पाणी प्यायला बाहेर आले. स्टुलावर आई नव्हत्या. हॉलमध्ये अण्णा टीव्हीसमोर बसले होते आणि टीव्हीवर क्रिकेट चाललं होतं, पण आवाज पूर्ण बंद. कुणीतरी बाद झालं तसं अण्णांनी दोन्ही मुठी वर केल्या आणि तोंड मिटून घेतलं.

“टीव्ही बिघडलाय का अण्णा?”

त्यांनी मान हलवली. नाही. मग स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं आणि असा काही चेहरा केला की मला वाटलं, त्यांनाही माझ्याशी बोलायची मनाई झालेली आहे.

अबोला. कीबोर्ड बदलल्याचा राग आलेला दिसतोय. किंवा विश्वजीतने चाकणचं सांगून टाकलं असेल. मी स्वयंपाकघरात न जाता तशीच खोलीत परतले आणि दार लावलं.

दुपारी दार हळूच उघडलं. आई ताट घेऊन आल्या. मीही कमी नव्हते. डोळे पडद्यावर, बोटं कीबोर्डवर, चेहरा दगडाचा. त्यांनी प्रिंटरशेजारी ताट ठेवलं, तेही असं की वाटीला वाटी लागली नाही. एक शब्द बोलल्या नाहीत. आल्या तशा पाय न वाजवता निघून गेल्या. ताटात भात होता तो कुकरचा नव्हता, पातेल्यात केलेला, जरा गोळा झालेला.

जेवता जेवता खिडकीतून परसात पाहिलं तर लिंबाखाली आई बसल्या होत्या. पुढे पाटा. भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि कैरी वरवंट्याने वाटत होत्या. आंब्याची डाळ, हळदीकुंकवासाठी. घरात चांगला मिक्सर असताना! चैत्रातलं ऊन, कपाळावरून घाम ओघळतोय, गुडघा धरून पुन्हा पुन्हा पाय बदलतायत. मला एवढं वाईट वाटलं आणि तेवढाच संताप आला. मला दाखवायला चाललंय हे, मी मनात म्हटलं. बघ, तू आत बसून राहा, मी इथे उन्हात मरते.

घास उतरेना. मी मोबाइल उचलला आणि विश्वजीतला लिहिलं, ‘पुण्याला हो म्हण.’

उत्तर लगेच आलं. ‘नक्की ना?’

‘नक्की. मला इथे श्वास घेता येत नाही.’

थोड्या वेळाने त्याने लिहिलं, ‘ठीक आहे. संध्याकाळी साहेब भेटले की सांगतो.’ त्याखाली नेहमीचा हसरा चेहरा नव्हता.

मी कानाला हेडफोन लावले आणि उरलेला भाग रागारागात संपवला. रबराच्या त्या कीबोर्डवर राग काढतासुद्धा येत नव्हता. कितीही जोरात आपटा, हूं की चूं नाही.

भाग पाठवून हेडफोन काढले तेव्हा परसातली उन्हं लिंबाच्या शेंड्यावर गेली होती. पाच वाजून गेले असणार. बायकांचा आवाज मात्र नव्हता. ना हसणं, ना बांगड्या, ना “या या, बसा बसा”. म्हणजे आईंनी हळदीकुंकूच रद्द केलं होतं. किंवा, त्याहून वाईट, मला न सांगता उरकलं होतं. मी साडी नेसले, कारण भांडायचं तर नीट नेसून भांडावं, आणि दार उघडलं. आता पुण्याचं तोंडावर सांगून टाकायचं.

हॉलमध्ये कुणी नव्हतं. गौर मात्र सजली होती, कलिंगडाचं कमळ कापून ठेवलं होतं, समई तेवत होती. व्हरांड्याचं दार लोटलेलं होतं. ते मी ढकललं.

व्हरांड्यात सतरंजीवर कॉलनीतल्या सगळ्या बायका बसल्या होत्या. काठपदराच्या साड्या, गजरे, प्रत्येकीच्या हातात पन्ह्याचा पेला. कुणी बोलत नव्हतं. एकीने दुसरीच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं आणि दोघींनी पदराने तोंड दाबलं. आई वाकून एकेकीला हळदकुंकू लावत होत्या. त्यांच्या हातातल्या हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारून घट्ट बसवलेल्या होत्या. किणकिण होऊ नये म्हणून. पायरीवर अण्णा बसले होते, फाटकाकडे तोंड करून.

मला पाहून आई सरळ झाल्या. “झालं का गं?” त्या कुजबुजल्या.

“झालं,” मी म्हणाले.

“सगळं?”

“सगळं. पाठवलंसुद्धा.”

“सुटलीऽऽ!” अण्णा पायरीवरून उठून उभेच राहिले. त्यांचा तो आवाज दिवसभर दाबलेला होता, तो थेट स्टँडपर्यंत गेला असणार. “सुटली एकदाची! सकाळपासून गाडी फलाटावर उभी!”

आणि व्हरांडा एकदम फुटला. सगळ्या बायका एकाच वेळी बोलायला, हसायला लागल्या. समोरच्या लोखंडेमावशी तर छातीवर हात ठेवून म्हणाल्या, “आगं बाई, सुटलो! घटकाभर झाली तोंड दाबून बसलोय. तुझ्या सासूनं, या सिंधूबाईनं, फाटकातच सांगितलं, सूनबाई कामात हाय, बोलायचं न्हाई. मी म्हटलं, मग हळदीकुंकवाला कशाला बोलावलंस, मौनव्रत म्हण की!”

मला काहीच उमजत नव्हतं. “पण आई, तुम्ही सगळ्यांना बाहेर का बसवलंत? आत गौर आहे, पंखा आहे…”

“आत कसं? हॉलला लागून तुझी खोली. एवढ्या बायका म्हटल्यावर गलका होणार.” मग जरा ओशाळून म्हणाल्या, “त्याचं काय झालं शालू, रोज गिरणीचा आवाज येतो, तो थांबला की मला कळतं, आता हिला विचारलं तर चालंल, आता कुकर लावला तर चालंल. या नव्या कीबोर्डचं काही कळंचना. तू कधी चालू, कधी बंद. मग म्हटलं, दिवसभर चालूच आहे असं धरून चालावं.”

“म्हणून मिक्सर…”

“मिक्सर कसा लावायचा? तुझ्या भिंतीपलीकडंच तो.”

“म्हणून पाट्यावर वाटलंत?”

“वाटलं. काय झालं? डाळ चवीला बरी होते.”

“आणि मला टीव्ही मुका,” अण्णा म्हणाले. “मी सूनबाईला सांगणार होतो, पण मला हळू बोलता येत नाही. म्हणून म्हटलं आत विचार, तर ती गेलीच निघून.”

मी आईंच्या कोपरापाशी रुतलेल्या बांगड्यांकडे पाहत होते. “मग रोज तुम्ही दाराशी स्टूल टाकून बसायचात ते…”

“मग? कुणीतरी बसायला नको? हे ओरडतात, गॅसवाला बेलवर बोट ठेवतो तर काढत नाही, ही लोखंडीण तर येता-जाता डोकावती…”

“मला कितींदा दारातनं परत पाठवलंया!” लोखंडेमावशी म्हणाल्या. “म्हणती, गिरणी चालू हाय, नंतर ये.”

“अहो पण आई, कशासाठी एवढं?”

त्यांनी हळदीकुंकवाचं ताट खाली ठेवलं. मला वाटलं, उडवून लावतील. पण त्या अगदी सरळ बोलल्या, सगळ्या बायकांसमोर.

“मी शिवायचे ना, तेव्हा मशीनचा आवाज घरभर जायचा. आवाज आला की सगळ्यांना कळायचं, मी कुठं आहे ते. मग जो तो तिथंच यायचा. सासूबाईंना पाणी हवं, यांना विजार हवी, पोरांना खायला हवं. एक बाही कधी सलग जोडली नाही मी. कुणी मुद्दाम करत नव्हतं गं. पण बाईचं काम म्हणजे कधीही उठवलं तरी चालतं, असंच सगळ्यांना वाटायचं. तू आलीस, पहिल्या दिवशी तुझा तो टकटक आवाज आला, तेव्हाच मी मनाशी म्हटलं, हिला कुणी उठवायचं नाही.”

व्हरांड्यात पुन्हा शांत झालं, पण या वेळी कुणी सांगितलं म्हणून नव्हे. अण्णा पायरीकडे पाहत होते.

मला रडू फुटलं. सरळ रडायलाच लागले मी, नेसलेल्या साडीच्या पदरात. आणि रडता रडता एकदम आठवलं.

“माझा मोबाइल!” मी आत पळाले.

विश्वजीतने फोन उचलायला फार वेळ लावला. की मलाच तसं वाटलं.

“सांगितलंस?”

“साहेबांच्या केबिनबाहेर उभा आहे. आतला माणूस निघाला की…”

“जाऊ नकोस.”

“अगं, त्यांनी बोलावलंय.”

“मग जा आणि नाही म्हण. आपण इथेच राहायचं.”

मग तो म्हणाला, “दुपारी श्वास घेता येत नव्हता तुला.”

“आता येतोय. घरी ये, सांगते. आणि गजरा आण. दोन आण.”

बाहेर येऊन मी आईंच्या शेजारी सतरंजीवर बसले. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर अत्तर लावलं, आणि आंब्याची डाळ दिली. पाट्यावरची. एवढी चविष्ट डाळ मी आजवर खाल्लेली नाही, हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आता इतक्या वर्षांनीही म्हणते.

“आई, एक सांगू? रागावू नका.”

“सांग की.”

“माझं काम ना, आवाज येतो तेव्हा नसतं. तेव्हा नुसतं टायपिंग असतं. आवाज थांबतो, तेव्हा मी शब्द शोधत असते. तेच खरं काम.”

आईंच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. “म्हणजे मी इतके दिवस नेमकी कामाच्या वेळेलाच आत यायचे?”

“नेमकी.”

“आणि टायपिंग चाललं होतं तेव्हा सगळ्यांना धरून ठेवलं?”

“तेव्हा बँड वाजवला असतात तरी चाललं असतं.”

त्या अशा हसत सुटल्या की कोपरापाशी अडकवलेल्या बांगड्या एकेक करून मनगटावर आल्या. लोखंडेमावशी म्हणाल्या, “घ्या! एवढी राखण केली आणि चोर घरातलाच!” मग मीही हसले. फार दिवसांनी त्या घरात मी अशी हसले होते.

त्यानंतर रबराचा कीबोर्ड कपाटात गेला तो गेलाच. माझी गिरणी टेबलावर परत आली. आमचं ठरलं: आवाज येवो न येवो, दार बंद असलं की मी कामात, उघडलं की मोकळी. अण्णांना टीव्हीची परवानगी मिळाली, थोड्या कमी आवाजात. पहिले काही दिवस सवयीने ते माझ्या दारावरून जाताना चवड्यांवर चालत.

आणि एका दुपारी मी कोपऱ्यातल्या मशीनवरचा प्रिंटर उचलून खाली ठेवला, चादर काढली आणि तेलाची बुधली आणून आईंच्या हातात दिली.

“आता काय शिवू मी? गुडघे चालतात का माझे?”

“हळू चालवा. मला पोलकं हवंय. शिंप्याने बिघडवलेलं दोनदा उसवलंय.”

त्यांनी बरेच आढेवेढे घेतले. पण तेल घातलं, दोरा ओवला, पट्टा चढवला, आणि चिंधीवर एक शिवण मारून पाहिली. दुसऱ्या दिवशी कापड मापून कापलं. मग दुपारी दार लावून आम्ही दोघी खोलीत बसलो, मी टेबलाशी, त्या खिडकीपाशी. माझी टकटक आणि त्यांची घरघर. मला वाटलं होतं, त्या आवाजात मला काही सुचायचं नाही. पण सुचत होतं.

त्या बाही जोडत होत्या. चुण्या धरून, मान वाकवून, जिभेचं टोक ओठांत धरून. बाही अर्धी जोडून झाली असेल तोच बाहेरून पुकार आली.

“अगं, ऐकलंस का? चहाऽऽ!”

आईंचा पाय थांबला. कापड तसंच सुईखाली राहिलं आणि त्या उठू लागल्या. मनात काही आलं होतं म्हणून नाही, पायच आपोआप उठले होते.

मी खुर्ची सरकवली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “बसा.”

“अगं, पण यांना…”

“बसा आई.”

मी बाहेर आले, दार मागे ओढून घेतलं आणि त्यांचं बुटकं स्टूल भिंतीशेजारून ओढून दारात बसले. अण्णा हॉलमधून येतच होते.

“हिला हाक मारली मी. चहाचं काय?”

“आई कामात आहेत.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग बंद दाराकडे पाहिलं. एवढी वर्षं त्यांनी त्या दारातून आत जाऊन विजार मागितली असेल, चष्मा मागितला असेल, चहा मागितला असेल; ते सगळं त्यांना एकदम आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा फार मऊ झाला.

“मग मी करतो चहा,” ते म्हणाले. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कुजबुजताना ऐकलं, “आलं कुठं असतं?”

“जाळीच्या टोपलीत. माझ्यासाठी अर्धा कप.”

ते चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात गेले.

मी दाराला पाठ टेकली. आतून काहीच आवाज येत नव्हता. आई तशाच बसल्या असाव्यात, पायाखाली मशीनचं पायडल, हातात अर्धी बाही, बाहेरचं ऐकत. मी हललेही नाही.

मग मशीन सुरू झालं, आणि बाही संपेपर्यंत थांबलं नाही.